एका सामान्य माणसाचा माग : महाराष्ट्रातील जुन्या नोंदींतून नातलगाचे आयुष्य कसे शोधावे

राजेरजवाड्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या मागे बखरी, पत्रव्यवहार आणि चरित्रे उरतात. कुळाने शेती करणारे पणजोबा, गिरणीत साचे चालवणारे चुलत आजोबा, ऐन पंचविशीत विधवा होऊन मुले वाढवणारी आजीची आत्या यांच्याविषयी कोणी मुद्दाम काही लिहिलेले नसते, आणि म्हणून त्यांचे आयुष्य कागदावर नाहीच असे घरातले लोक धरून चालतात. हा समज बहुतेक वेळा खोटा ठरतो. सरकारला शेतसारा हवा होता, मास्तरांना पटावर नाव हवे होते, मालकाला पगाराचा हिशेब ठेवायचा होता, भावकीला वाटणी करायची होती. अशा प्रत्येक वेळी त्या माणसाचे नाव कोणीतरी लिहिले. त्याची आठवण राहावी म्हणून ते लिहिले नाही, काम अडू नये म्हणून लिहिले. म्हणून नवख्या शोधकाने आपल्या माणसाला कोणत्या कामासाठी कोणत्या दप्तरापुढे उभे राहावे लागले असेल याचा विचार आधी करावा, आणि मगच त्या दप्तराकडे जावे.

पुढील मार्गदर्शन आजच्या महाराष्ट्रातील नोंदींपुरते असून साधारण १८७० ते १९७० या काळात जगलेला माणूस त्यात गृहीत धरला आहे.

पहिली पायरी : एकच माणूस निवडावा

सगळी वंशावळ एकदम काढण्याचा मोह टाळावा. वंशावळीत नावे वाढत जातात, पण त्या नावांमागचा माणूस तसाच अंधारात राहतो. एक व्यक्ती निवडावी, तिच्याविषयी जे जे ठाऊक आहे ते एका वहीत उतरवावे आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणाकडून कळली हे लिहावे. ‘आजोबा १९४२ साली मुंबईला गेले’ हे वाक्य वडिलांनी सांगितलेले आहे, की कागदावर पाहिलेले आहे, की घरात सगळेच म्हणतात म्हणून लिहिलेले आहे, हा भेद पहिल्या दिवसापासून पाळला नाही तर पुढे ऐकीव आणि पाहिलेले यांची सरमिसळ होते व ती नंतर निस्तरता येत नाही.

दुसरी पायरी : घरातील कागद आणि घरातील माणसे

कोणत्याही कार्यालयात जाण्यापूर्वी घरातली ट्रंक उघडावी. शाळा सोडल्याचा दाखला, शेतसाऱ्याच्या पावत्या, जुने रेशनकार्ड, पोस्टाचे पासबुक, मनीऑर्डरच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, चाळीच्या भाड्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका यांतील प्रत्येक कागद पुढच्या एखाद्या दप्तराचा पत्ता देतो. छायाचित्राच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो. तांब्यापितळेच्या भांड्यांवर घातलेली नावे तर आवर्जून वाचावीत. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, गाव आणि पुष्कळदा तारीखही कोरलेली असते, आणि एखाद्या पणजीच्या माहेरचा तोच एकमेव लेखी पुरावा असू शकतो.

आणखी एक चौकशी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भावकीत कोणी जात पडताळणी करून घेतली असेल, तर त्याच्या फायलीत वंशावळीचे शपथपत्र, पणजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा, जुने फेरफार असा बराच ऐवज आधीच जमलेला असतो. ज्या कामाला आपल्याला महिने लागतील ते एखाद्या चुलतभावाने आधीच करून ठेवलेले असते.

वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘हे केव्हा झाले’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. साल आठवत नाही, पण प्रसंग आठवतात. तेव्हा त्या त्या भागातील ठळक घटनांच्या आधीचे की नंतरचे, असे विचारावे. प्लेग (मुंबईत १८९६ पासून, पुण्यात १८९७), मानमोडीची म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ (१९१८), मराठवाड्यातील रझाकारांचे दिवस आणि पोलीस कारवाई (सप्टेंबर १९४८), पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ, गिरण्यांचा संप (१८ जानेवारी १९८२ पासून) ही काही उपयोगी खुणेची वर्षे आहेत. ‘दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा सासरे नव्हते’ एवढ्या वाक्यावरून मृत्यूची नोंद कोणत्या वर्षांच्या आत शोधायची हे ठरते. बायकांना विचारायला विसरू नये. कोण कोणाकडे बाळंतपणाला गेले, कोणाच्या लग्नात कोण रुसले हे त्यांना पक्के आठवते, आणि नात्यांची गुंतागुंत त्यातूनच सुटते.

तिसरी पायरी : नाव आणि साल वाचायला शिकणे

येथे थोडा वेळ द्यावा लागतो, कारण नवख्या माणसाची बहुतेक फसगत नावातच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक नोंदींत आडनावच नसते. ‘रामा बिन सखाराम’ म्हणजे सखारामचा मुलगा रामा; मराठवाड्यात ‘बिन’च्या जागी ‘वलद’ येते. ‘गंगू कोम रामा’ म्हणजे रामाची बायको गंगू. घरात रामचंद्रराव म्हणून ओळखला जाणारा माणूस साऱ्याच्या कागदात ‘रामा’, शाळेत ‘रामचंद्र’ आणि नोकरीत तिसऱ्याच रूपात असू शकतो. आडनावही बदललेले असते : कोणी गावाच्या नावाला ‘कर’ जोडून नवे घेतलेले, कोणी जातिवाचक म्हणून टाकून दिलेले, कोणी मुंबईत गेल्यावर मास्तरांनी किंवा मुकादमाने लिहिले तेच पुढे चालवलेले. दत्तक गेलेल्या मुलाचे वडिलांचे नाव बदलते, आणि क्वचित त्याचे स्वतःचेही. अलीकडच्या काळातील बदलांसाठी शासन राजपत्रातील नाव बदलल्याच्या जाहिराती पाहता येतात.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असलेल्या घरांत आणखी एक सापळा आहे. सखाराम रामा, त्याचा मुलगा रामा सखाराम, त्याचा मुलगा पुन्हा सखाराम रामा, अशी एकाआड एक पिढी सारख्याच नावाची होते. एकाच सर्व्हे नंबरवर १८९० मध्ये आणि १९४० मध्ये ‘सखाराम रामा’ दिसला म्हणून तो एकच माणूस मानला, तर आजोबा आणि नातू एकच ठरतात आणि मधली एक पिढी नाहीशी होते.

स्त्रियांच्या बाबतीत तर वडिलांच्या नावाबरोबर स्वतःचे नावही लग्नात बदलले जाई. माहेरची द्वारका सासरी लक्ष्मी होते, आणि दोन्ही नावे एकत्र असलेला कागद बहुधा नसतोच. म्हणून स्त्रीचा शोध दोन टोकांकडून करावा लागतो : माहेरच्या गावात मुलगी व बहीण म्हणून, आणि सासरच्या गावात पत्नी, विधवा व आई म्हणून. पहिले बाळंतपण माहेरी होत असे, याचा येथे फार उपयोग होतो. थोरल्या मुलाची जन्मनोंद वडिलांच्या गावात मिळाली नाही तर ती आईच्या माहेरी पाहावी. मिळाली तर मुलाच्या जन्मतारखेबरोबर आईचे माहेरचे गावही पक्के होते.

सालांविषयी दोनच गोष्टी सांगतो. शक संवतात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. निजामी राजवटीतील कागदांवर फसली साल असते आणि त्यात साधारण ५९० मिळवावे लागतात. फसली १३५६ म्हणजे १९४६-४७.

चौथी पायरी : गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होते

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले. स्वातंत्र्यापूर्वी पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकण मुंबई इलाख्यात, विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आणि या तिन्ही ठिकाणी कागदांची नावे, भाषा व नमुने वेगवेगळे होते. मराठवाड्यातील जुने महसुली कागद उर्दूत असण्याची शक्यता असते, तर मुंबई इलाख्यातील मोडीत. औंध, भोर, फलटण, सांगली, मिरज, जत यांसारखी संस्थाने १९४८ साली आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले. अशा संस्थानी गावांचे जुने दप्तर शेजारच्या ब्रिटिश मुलखातील गावांच्या दप्तरापासून निराळे पडलेले असते.

जिल्हेही फुटले. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ साली, लातूर आणि गडचिरोली १९८२ साली, नंदुरबार आणि वाशिम १९९८ साली, हिंगोली आणि गोंदिया १९९९ साली, पालघर २०१४ साली वेगळे झाले. आज सिंधुदुर्गात असलेल्या गावाचा १९३० सालचा कागद रत्नागिरीच्या अभिलेख कक्षात निघू शकतो. गाव धरणाखाली गेले असेल तर मूळ गावाचे नाव, पुनर्वसित गावाचे नाव आणि दोन्ही तालुके टिपून ठेवावेत, कारण पुनर्वसन कार्यालयातील प्रकल्पग्रस्तांच्या याद्यांत कुटुंबातील माणसांची नावे आणि गेलेल्या जमिनीचा तपशील असतो.

पाचवी पायरी : जन्म आणि मृत्यू

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वी गावोगाव जन्म-मृत्यूची नोंदवही ठेवली जात असे. जुन्या पद्धतीचा हा गाव नमुना १४, आणि लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात या नोंदवह्या वर्षवार बांधलेल्या आढळतात. त्यांत तारीख, बापाचे नाव, जात आणि मृत्यूच्या नोंदीत वय व कारण लिहिलेले असते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव मात्र पुष्कळदा नसते, कारण नोंद झाली तेव्हा बारसे झालेलेच नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. म्हणून बाळाच्या नावाने शोधू नये, बापाच्या नावाने शोधावे.

मृत्यूच्या कारणांची तेव्हाची वाटणी ढोबळ होती : पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात, इतर. १९१८ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका गावात पानामागून पान ‘ताप’ दिसू लागला, तर ती बहुधा मानमोडीच असते. आपल्या माणसाची नोंद सापडल्यावर लगेच वही मिटू नये. त्या आठवड्यातील आजूबाजूच्या नोंदीही वाचाव्यात. त्याच घरातले, त्याच आळीतले आणखी कोण गेले हे कळले की एका ओळीच्या नोंदीला संदर्भ मिळतो.

शहरात ही नोंद नगरपालिकेकडे किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाकडे असते. नोंद माणूस जेथे मरण पावला तेथे होते, मूळ गावी नव्हे. मुंबईत दवाखान्यात वारलेल्या कोकणी माणसाचा मृत्यू मुंबईत नोंदलेला असतो. १९६९ च्या कायद्यानुसार कोणालाही ठराविक शुल्क भरून निबंधकाकडून नोंदीचा शोध करवून घेता येतो आणि उतारा मिळवता येतो, मात्र त्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड केले जात नाही.

परदेशी मार्गदर्शिका वाचून आलेल्यांना येथे सावध करणे आवश्यक वाटते. त्या मार्गदर्शिकांत जनगणनेचे कुटुंबवार कागद हा शोधाचा कणा असतो. आपल्याकडे तो मार्ग बंद आहे, कारण जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार वैयक्तिक नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत. अपवाद म्हणता येईल तो १९५१ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीचा. तिच्या प्रती काही तालुक्यांच्या महसुली दप्तरात टिकून आहेत आणि तेथे घरातील माणसांची नावे एकत्र सापडतात.

सहावी पायरी : शाळा

शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीज नोंदवही, ही सामान्य माणसाच्या आयुष्यातील सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत जुनी सापडणारी नोंद. जुन्या प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डाच्या होत्या. १ मे १९६२ पासून त्या जिल्हा परिषदेकडे आल्या, आणि नोंदवह्या बहुतेक ठिकाणी त्याच शाळेच्या कपाटात राहिल्या. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, दाखल झाल्याची व सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण असे रकाने असतात. तिसरीत नाव कमी झाले आणि कारण ‘घरकामास्तव’ किंवा ‘सतत गैरहजर’ असे लिहिले, तर त्या दोन शब्दांत त्या वर्षीचे घर दिसते.

जन्मतारखेवर मात्र विश्वास टाकू नये. मुलाला सहा पुरी व्हावीत अशा बेताने मास्तरांनी तारीख ठरवलेली असते, आणि त्यामुळे एका पटावर १ जून जन्मतारीख असलेली मुले डझनाने सापडतात. हीच तारीख पुढे नोकरीत, निवृत्तिवेतनात आणि मृत्यूच्या दाखल्यात जाते. चार कागदांवर एकच तारीख आहे म्हणून ती खरी ठरत नाही. चारही कागद एकाच मास्तरांच्या अंदाजावरून लिहिलेले असतात.

सातवी पायरी : जमीन

शोधाचा खरा खजिना येथे आहे, आणि तो जमीन असलेल्यांपुरताच मर्यादित नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला, आणि तेव्हापासून जमिनीवरील हक्कात झालेला प्रत्येक बदल फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लिहिला जाऊ लागला. आजच्या सातबारावर वर्तुळात जे आकडे दिसतात ते या फेरफारांचे क्रमांक. शोध आजच्या उताऱ्यापासून मागे न्यावा : आजचा सातबारा, त्यावरील फेरफार क्रमांक, त्या फेरफाराची नक्कल, त्याआधीचा हस्तलिखित सातबारा, त्यावरील आणखी जुने क्रमांक. जुन्या उताऱ्यांच्या आणि फेरफारांच्या स्कॅन केलेल्या प्रती राज्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर काही ठिकाणच्या मिळतात. उरलेल्यांसाठी तलाठी किंवा तहसील गाठावे लागते.

मध्येच साखळी तुटते ती बहुधा एकत्रीकरणाच्या वेळी. १९४७ च्या कायद्याने तुकडे एकत्र करून सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. कोणत्या जुन्या नंबरचा कोणता गट झाला हे एकत्रीकरण योजनेच्या ९(३) व ९(४) च्या उताऱ्यावरून कळते, आणि तो भूमी अभिलेख विभागाच्या तालुका कार्यालयात मागावा. हा उतारा न घेता जुना नंबर शोधत बसणाऱ्यांचा फार वेळ वाया जातो.

फेरफार सावकाश वाचावा. वारसाच्या फेरफारात खातेदार कधी वारला आणि मागे कोण कोण राहिले हे असते. खरेदी, गहाण, तगाईचा म्हणजे सरकारी शेतकर्जाचा बोजा, वाटणी, हक्कसोड या नोंदींचा क्रम लावला की घराचे बरे आणि वाईट दिवस डोळ्यांसमोर येतात. लागोपाठ दोन वर्षांत गहाण आणि मग विक्री दिसली, तर त्या भागात तेव्हा दुष्काळ होता का, घरात कोणी वारले का, हे पाहावे. ‘अ.पा.क. आई’ अशी अक्षरे आढळली तर मुले अज्ञान म्हणजे अल्पवयीन असताना बाप गेला आणि आई पालनकर्ती झाली असा त्याचा अर्थ. कित्येक विधवांचे नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा येते ते या तीन अक्षरांपुढे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अशा वेळी एकाच भावाचे नाव लागलेले असते आणि बाकीचे भाऊ कागदावर नसूनही जमिनीत असतात.

वारसांची यादी वाचताना तिची तारीखही ध्यानात घ्यावी. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली आला. त्याआधीच्या यादीत मुलगेच दिसतात, म्हणून त्या माणसाला मुली नव्हत्या असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. नंतरच्या यादीत मुलींची नावे सासरच्या गावासह येतात, आणि पुढच्याच एखाद्या फेरफारात त्यांनी हक्कसोड केल्याची नोंदही सापडते. घरात ज्या बहिणींचा कोणी उल्लेख करत नाही त्या येथे भेटतात.

ज्यांची स्वतःची जमीन नव्हती त्यांच्यासाठी सातबाराचा ‘इतर हक्क’ हा रकाना पाहावा. कूळ म्हणून त्यांचे नाव तेथे असू शकते. १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्यानंतर कुळाने जमीन विकत घेण्याची किंमत ठरवण्यासाठी कलम ३२ ग ची प्रकरणे चालली आणि पैसे भरल्यावर ३२ म चे प्रमाणपत्र मिळाले. या प्रकरणांच्या फायली शिल्लक असतील तर त्यांत कुळाचा आणि मालकाचा जबाब असतो. अंगठा उठवणाऱ्या माणसाचे शब्द, कारकुनाच्या भाषेत का होईना, लिहिलेले मिळण्याची ही दुर्मीळ जागा आहे. विदर्भ आणि मराठवाड्यात कुळांचे कायदे वेगळे होते, त्यामुळे तेथे तारखा आणि कलमे निराळी येतील. मराठवाड्यासाठी खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक, विदर्भासाठी अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक ही नावे विचारावीत.

वतनदार घरांसाठी, आणि यात पाटील-कुलकर्ण्यांबरोबर महार, रामोशी असे गावकामगारही आले, वतनाची पत्रके आणि दुमाला म्हणजे इनाम-वतनाच्या जमिनींची नोंदवही (गाव नमुना ३) महत्त्वाची ठरते. वतनावर कोणाचा हक्क हे ठरवण्यासाठी कागदासोबत वंशावळ जोडली जाई. जमीनही नाही आणि वतनही नाही अशांसाठी ग्रामपंचायतीची घरपट्टीची आकारणी, म्हणजे नमुना ८, उरते. तीत घरमालकाचे नाव आणि घराचे वर्णन असते; कुडाचे घर पुढच्या आकारणीत विटांचे झाले, तर मधल्या वर्षांत घरात पैसा कोठून तरी आला असे समजावे.

आठवी पायरी : नोकरी, पलटण, परगाव

सरकारी, रेल्वे किंवा नगरपालिकेच्या नोकरीत सेवापुस्तक असते आणि त्यात नेमणूक, बदल्या, रजा, शिक्षा, वारसाचे नाव सगळे येते. खाजगी गिरण्यांची दप्तरे गिरण्या बंद पडल्यावर पांगली. तरी कामगारांच्या घरकुल योजनेमुळे अनेक घरांनी गिरणीचे तिकीट, हजेरी पत्रक, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, विमा योजनेचे कार्ड असे कागद जपून ठेवले आहेत; ते नातलगांकडे मागावेत. खात्याचे नाव आणि तिकीट नंबर मिळाला, तर तो माणूस साचेखात्यात होता की बांधणीखात्यात हे ठरते आणि त्याच्या कामाच्या वेळांचा अंदाज येतो.

पहिल्या महायुद्धात गेलेला आणि परत न आलेला शिपाई असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. भारतीय शिपायांच्या नोंदीत पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख यांबरोबर बापाचे नाव, गाव आणि तालुका पुष्कळदा दिलेला असतो. गावाचे इंग्रजी स्पेलिंग मात्र विचित्र असते, म्हणून निरनिराळ्या प्रकारे शोधावे. फ्रान्समध्ये पडलेल्यांची नावे नव शापेलच्या स्मारकाकडे, आणि मेसोपोटेमियात पडलेल्यांची बसऱ्याच्या यादीत नोंदलेली आहेत. गावाच्या चावडीवर ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले’ असा दगड असेल, तर तोही एक पुरावाच. परत आलेल्यांसाठी पलटणीचे अभिलेख कार्यालय आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्याकडे अर्ज करावा.

एखादा पूर्वज ‘मिरीच देशाला’ म्हणजे मॉरिशसला गेला अशी आख्यायिका घरात असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नये. मॉरिशसला गेलेल्या गिरमिट्यांची, म्हणजे करारबद्ध मजुरांची, दप्तरे तेथील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही आहेत.

नववी पायरी : दप्तराबाहेरच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात आणि त्यांत यात्रेला आलेल्यांची नावे, गाव व सोबतच्या माणसांची नाती लिहिलेली असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक घरोघरच्या वंशावळी सांगत फिरतात. काही कुळांचे कुलवृत्तांत छापले गेले आहेत. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या, मुस्लिम कुटुंबांसाठी निकाहनामे आणि काझींचे दप्तर हेच मुख्य साधन होय. या सर्वांचा मान ठेवावा, पण दूरच्या पिढ्यांविषयी त्यांत जे लिहिले आहे ते दुसरा आधार मिळेपर्यंत ऐकीवच समजावे. वंशावळ जितकी मागे जाते तितकी ती एखाद्या मोठ्या घराण्याकडे झुकू लागते, हे अनुभवी शोधक जाणून असतात.

दहावी पायरी : कार्यालयात आणि मोडीपुढे

महसुली कागदांची वर्गवारी अ, ब, क, ड अशी केलेली असते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे असतात, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, बाकीचे त्याहून कमी. म्हणून फेरफार आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या शिल्लक असण्याची आशा असते, तर किरकोळ पत्रव्यवहार बहुधा नष्ट केलेला असतो. अर्ज मोघम नसावा. ‘आमच्या पणजोबांची सर्व माहिती मिळावी’ या अर्जावर कोणताही लिपिक काही करू शकत नाही. ‘अमुक गावचा गाव नमुना १४, सन १९१५ ते १९२०, अमुक नावाची मृत्यूची नोंद, नक्कल मिळणेबाबत’ या अर्जावर तो निदान योग्य गठ्ठ्यापर्यंत पोहोचतो. अर्जाला कोर्ट फी स्टँप लावावा, पोच घ्यावी, आणि जुनी पाने हाताळताना घाई करू नये. खरेदीखत, गहाणखत अशा नोंदणीकृत दस्तांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची पाहावी. तीत माणसाच्या नावावरूनही शोध करता येतो आणि मिळकतीवरूनही.

मोडीचे भय बाळगू नये. नावे, महिने, आकडे आणि ठरावीक शब्द एवढ्या ओळखीवर कोतवाल बुक वाचता येते, आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. लांब दस्तासाठी जाणकार लिप्यंतरकाराची मदत घ्यावी आणि मूळ पानाचे छायाचित्र त्याच्या लिप्यंतराशेजारी ठेवावे. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे तपासली गेली आणि सापडलेल्या कुणबी नोंदींच्या प्रतिमा अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. आपली जात वेगळी असली तरी आपल्या गावची ती पाने उघडून पाहावीत. नोंदवहीचे रकाने आणि त्या काळच्या तलाठ्याचे अक्षर घरबसल्या ओळखीचे होते, आणि एका पानावर शेजाऱ्यांच्या नोंदीही असतातच.

अकरावी पायरी : जुळवणी आणि लेखन

दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत की तीन गोष्टी विचाराव्यात : ही माहिती कोणी सांगितली, ती घटनेनंतर किती काळाने लिहिली गेली, आणि त्या सांगणाऱ्याला त्यात काही लाभ होता का. मृत्यूची तारीख कोतवाल बुकात एक आणि पाच वर्षांनी केलेल्या वारस फेरफारात दुसरी असेल, तर पहिलीला अधिक वजन द्यावे. वाटणीच्या भांडणात दिलेल्या जबाबातले वय आणि नाते सावधपणे घ्यावे. नोंदीतील माणूस आपलाच आहे असे ठरवायला नाव पुरेसे नसते. नाव, गाव आणि नात्यातील दुसरे एखादे नाव अशी निदान तीन अंगे जुळली पाहिजेत.

शोधात दुसरे लग्न, दत्तकाचे खरे आईबाप, कर्ज, तुरुंगवास, आत्महत्या अशा गोष्टी निघतात. मृत व्यक्तीविषयी त्या आपल्या वहीत जशाच्या तशा लिहाव्यात. हयात नातलगांना झळ पोचणार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय भावकीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नयेत. आधार क्रमांक असलेले आजचे कागद आणि आजच्या जमिनीचे उतारे तर मुळीच फिरवू नयेत.

शेवटी वर्षवार तक्ता करावा : डावीकडे साल, मध्ये घटना, उजवीकडे कोणत्या दप्तरातील कोणत्या पानावरून ती घेतली. १९०८ शाळेत दाखल, १९१२ नाव कमी, १९१९ वडिलांच्या मृत्यूनंतर वारस म्हणून नाव, १९२३ जमीन गहाण, आणि त्यानंतर १९४१ पर्यंत काहीच नाही, असे दिसले तर ती अठरा वर्षे अंदाजाने भरू नयेत. तो माणूस तेव्हा गावात असता तर साऱ्याच्या पावत्या आणि मुलांच्या जन्मनोंदी निघाल्या असत्या. त्या नसतील तर शहर, पलटण किंवा सासुरवाडीचे गाव या तीन दिशा उरतात. त्या रिकाम्या ओळींपुढे कोणत्या कार्यालयात, कोणती वर्षे आणि कोणते नाव धरून पाहिले व काय आढळले नाही हे लिहून ठेवावे, म्हणजे घरातला पुढचा शोधक तोच गठ्ठा पुन्हा उघडणार नाही.